नेपाळ-भूतानला घरचे नऊ जण: कागदपत्रं कोणती, पैसे कसे न्यायचे?

साखरपेठकर:
नोव्हेंबरात निघतोय. आजोबा ७२, आजी ६८, आम्ही मोठे चौघं, मुलगी १६ ची, पुतण्या ९ चा, धाकटी ४ ची. पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, सोनौलीतून नेपाळ, पोखरा-काठमांडू करून काकरभिट्ट्याला बाहेर. मग सिलिगुडी, जयगाव, भूतानात तीन रात्री. परतीचं विमान बागडोग्र्याहून. पासपोर्ट दोघांकडेच आहेत, बाकी सगळ्यांची आधार कार्डं. तेवढ्यावर भागेल का? आणि पैशाचं काय, ५०० च्या नोटा चालतात की इथूनच डॉलर करून घ्यायचे?

कंबरतलाव:
सोनौलीत कुणी काही विचारत नाही ओ मालक. आधार बास.

होटगीरोड:
सोनौलीत रोज हजारो माणसं नुसती चालत ये-जा करतात, म्हणून तसं वाटतं. भारतीयाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पासपोर्टवर शिक्काही पडत नाही. पण अडवलं तर दाखवायला नागरिकत्वाचा पुरावा हवा, म्हणजे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार हा ओळखीचा पुरावा, नागरिकत्वाचा नाही. सवलत ६५ वरच्यांना आणि १५ खालच्यांना आहे, त्यांचं आधार चालतं. म्हणजे नेपाळपुरते आजी, आजोबा, पुतण्या आणि धाकटी सुटले.

शिवाय अख्खं कुटुंब सोबत असेल आणि एका मोठ्याकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना फोटो आणि नातं दाखवणारं काहीतरी पुरतं. आपल्या रेशनकार्डावर नावं असतात पण प्रत्येकाचा फोटो नसतो, म्हणून मुलीचं शाळा-कॉलेजचं ओळखपत्र आणि रेशनकार्ड दोन्ही ठेवा. पुढेमागे कधी काठमांडूला विमानाने जाल तेव्हा १५ ते १८ वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तेवढं लक्षात असू द्या.

खरी अडचण तुम्हाला भूतानात येणार. तिथे आधार घेतच नाहीत, आजोबांचंही नाही. मोठ्यांना मतदार ओळखपत्र किंवा निदान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट. १८ खालच्या तिघांना पासपोर्ट, नाहीतर जन्मदाखला, आणि सोबत पालक. जन्मदाखल्यावर इंग्रजी मजकूर हवा. जुने दाखले नुसते मराठीत असतात. तसा असेल तर आत्ताच महापालिकेतून नवीन प्रत काढून ठेवा.

साखरपेठकर:
मोठ्या सगळ्यांची मतदार कार्डंही आहेत, पण आईच्या कार्डावर नाव चुकलंय. आडनाव वेगळ्याच स्पेलिंगने आहे.

होटगीरोड:
आपल्या सोलापुरात तेलुगू, कन्नड, मराठी तिन्ही वळणांनी नावं लिहितात, त्यामुळे श्रीनिवासचा एका कागदावर एस-एच येतो नि दुसऱ्यावर नुसता एस. भूतानच्या प्रवेश परमिटच्या अर्जात कार्डावरचंच स्पेलिंग जसंच्या तसं टाकायचं. आडनावच बदलत असेल तर दुरुस्ती करून घ्या. निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर नमुना ८ भरायचा, हरवलेल्या कार्डाची नवी प्रतही त्याच नमुन्याने मिळते. कार्ड टपालाने येतं, तेव्हा दिवाळीची वाट बघू नका. मूळ कार्डच न्या. लॅमिनेट केलेली झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो दाखवला की काउंटरवर वाद सुरू होतो.

विजापूरवेस:
आता पैसे. डॉलरचा विचार सोडाच. नेपाळ-भूतानच्या प्रवासासाठी परकीय चलन काढायला आपल्या फेमा कायद्याखाली मनाई आहे, त्यामुळे बँक असो की परवानाधारक दुकान, या दोन देशांसाठी डॉलर देत नाहीत. फॉरेक्स कार्डाच्या मागे बारीक अक्षरात हेच छापलेलं असतं. दोन्हीकडे भारतीय रुपयावरच काम होतं.

नेपाळचा रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला बांधलेला आहे: आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. सीमेवरचे सराफ एखाद-दोन रुपये कापतात, त्याला इलाज नाही. पण १५० सांगितले तर पुढचं दुकान बघा.

नोटांचं नीट ऐका. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने १०० च्या वरच्या भारतीय नोटा वापरायला बंदी केली. या नियमात बदल होत असतात, निघण्याच्या आठवड्यात ताजी स्थिती बघा. पण नियम काहीही असो, दुकानदार ५०० ची नोट बघून मान हलवत असेल तर तुम्ही त्याला परिपत्रक दाखवणार आहात का? १०० ची नोट कुठेही अडत नाही. बँकेत आठवडाभर आधी सांगून १०० च्या गड्ड्या काढा. एक गड्डी १० हजारांची, तीन-चार गड्ड्या दोघातिघांच्या बॅगांत वाटून ठेवा.

आणि एक शब्द पाठ करा. तिथे भाव सांगताना आयसी आणि एनसी म्हणतात, भारतीय आणि नेपाळी चलन. टॅक्सीवाला 'पाचशे' म्हणाला की बसण्याआधी विचारायचं, 'आयसी की एनसी?' ५०० एनसी म्हणजे आपले ३१२ रुपये ५० पैसे. उतरताना विचारलं की ते हमखास आयसी निघतात, आणि मग नऊ माणसांचं सामान डिकीत नि भांडण रस्त्यावर.

सातरस्ता:
यूपीआय पण चालतं की आता. मार्च २०२४ पासून नेपाळात फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय घेतात. आपल्याकडचं फोनपे अॅप वेगळं, तिथलं फोनपे वेगळं, नाव सारखं वाटलं म्हणून गोंधळू नका. भूतानात तर २०२१ पासून भीम यूपीआय आहे. फक्त अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार इथूनच चालू करून जा आणि तिकडचं सिम घेतलं तरी आपलं सिम फोनमधून काढू नका. बँकेशी जोडलेला नंबर फोनमध्ये दिसला नाही की काही अॅप पुन्हा नोंदणी मागतात, आणि ती आपल्या सिमवरून एसएमएस गेल्याशिवाय होत नाही. डोंगराच्या बाजूला नेटचा भरवसा धरू नका, रोकड लागतेच.

विजापूरवेस:
बरोबर. पोखऱ्याहून मुक्तिनाथला जायचं ठरलंच तर अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं परमिट लागतं. सार्क देशांतल्यांना माणशी १,००० नेपाळी रुपये, म्हणजे आपले ६२५. ते पोखऱ्यातच काढा. मुक्तिनाथ ३,७०० मीटरवर आहे, आजोबांना एका दिवसात तिथवर नेऊ नका. वाटेत जोमसोमला मुक्काम टाका.

साखरपेठकर:
भूतानचा खर्च ऐकून धडकी भरते. नक्की किती धरायचा?

होटगीरोड:
भूतानात भारतीयांना व्हिसा नाही, पण प्रवेश परमिट आणि शाश्वत विकास शुल्क आहे: माणशी दर रात्री १,२०० रुपये. ६ ते १२ वयाला निम्मं, ५ पर्यंत माफ. तुमचं गणित मांडू. मोठे सहा आणि मुलगी, सात जणांचे ८,४००. पुतण्याचे ६००. धाकटी फुकट. रात्रीला ९,०००, तीन रात्रींचे २७,०००. हॉटेल, गाडी, जेवण वेगळं. रात्री मोजूनच जा, कारण चौथी रात्र वाढली की आणखी ९,०००.

हासिमारा स्टेशन जयगावपासून सगळ्यात जवळ. जयगावच्या कमानीपलीकडे फुन्शोलिंग. परमिटचा अर्ज ऑनलाइन भरून जा, म्हणजे काउंटरवर नऊ अर्ज भरत बसावं लागणार नाही. तिथली वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे: आपल्या घड्याळात साडेतीन वाजले की तिथे चार. चहा पिऊन येतो म्हणालात तर कार्यालय बंद झालेलं असेल. नेपाळ पंधराच मिनिटं पुढे.

विजापूरवेस:
भूतानचं चलन न्गुल्ट्रम, आपल्या रुपयाच्या बरोबरीचं. एकास एक, त्यामुळे भारतीय नोटा सरळ चालतात, ५०० ची सुद्धा. फक्त सुटे न्गुल्ट्रममध्ये येतात आणि एटीएममधूनही तेच निघतं. ते जयगावात चालतात, पण सिलिगुडीच्या पुढे कागदच. शेवटच्या दिवशी हॉटेलच्या बिलात ते संपवा. नेपाळी रुपयाचंही तेच, काकरभिट्ट्यातच उलटे करून घ्या.

जुळेसोलापूर:
आणि आम्ही स्वतःची इनोव्हा घेऊन गेलो तर? नेपाळपुरतंच विचारतो.

सातरस्ता:
सीमेवर भन्सार भरावा लागतो, म्हणजे जकात नाक्यावरची दिवसाच्या हिशेबाची पावती. आरसी, लायसन्स, पीयूसी आणि विमा मूळ न्या. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं अधिकारपत्र जवळ ठेवा. वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवस गाडी तिथे राहू शकते. लागतात त्यापेक्षा एक दिवस जास्तीचा भरा, कारण दरड कोसळून रस्ता बंद झाला तरी पावतीची तारीख सरकत नाही आणि परतताना दंड बसतो. पावती काचेवर चिकटवू नका, पाकिटात ठेवा. परतताना ती दाखवावी लागते.

विमा कंपनीला आधीच सांगून भौगोलिक क्षेत्रवाढीचं कलम जोडून घ्या, पॉलिसीत ते आयएमटी १ नावाने असतं. जादा हप्ता फार नसतो. ते नसेल तर नेपाळात ठोकलेल्या गाडीचा खर्च तुमच्या खिशातून.

साखरपेठकर:
आईचा नमुना ८ आज रात्रीच भरतो. शेंगा चटणी नेली तर चालेल ना, एवढंच राहिलं.

होटगीरोड:
न्या, पण बागडोग्र्याला चेक-इन बॅगेत टाका. हातात ठेवलीत तर पुडकं सोडून बघायला लावतील. आणि तेलातली नको, कोरडी घ्या.