पहिल्या पेशीचा जाब उत्क्रांतीला का विचारता?

मूळ मुद्दा
"पहिली पेशी कशी झाली हे सांगता येत नसेल, तर उत्क्रांतीचा सगळा डोलारा हवेतच उभा आहे," असे काल येथे एकाने लिहिले. बारावीला जीवशास्त्र शिकवताना हे इतक्यांदा ऐकले आहे की आता गप्प बसवत नाही. डार्विनने १८५९ मध्ये जाती कशा बदलत गेल्या हा प्रश्न घेतला होता; जीवाच्या उगमाचा विचार आज करणे व्यर्थ आहे, असे त्याने १८६३ मध्ये आपला वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकर याला पत्रातून स्पष्ट कळवले होते. नैसर्गिक निवडीला वारसा लागतो आणि वारशात फरक लागतात. जिथे प्रतच निघत नाही, तिथे ती निवडणार काय?

प्रतिसाद १
१८६३ चे पत्र सांगता, मग १८७१ चे का गाळता? कोमट पाण्याच्या डबक्यात अमोनिया, फॉस्फरसचे क्षार, उष्णता आणि वीज यांच्यामुळे प्रथिन तयार झाले तर, ही कल्पना त्याने हूकरलाच कळवली होती. शिवाय जीवशास्त्रज्ञ स्पीगलमन आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये जिवाणूंना लागण करणाऱ्या क्यू-बीटा विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याची वारशाची माहिती वाहणारा रेणू, एका परीक्षानळीतून दुसरीत असा ७४ वेळा नेला, तेव्हा त्याची ८३ टक्के लांबी गळून गेली, कारण जो रेणू आखूड, त्याची प्रत लवकर निघत होती. पेशीशिवाय निवड झालीच ना? उभी हयात रसायनशास्त्रात गेलेल्या मला जीवाचा उगम आणि उत्क्रांती यांच्यामध्ये तुम्ही घातलेले हे कुंपण कृत्रिम वाटते.

प्रतिसाद २
कुंपणाचा वाद तुम्ही खुशाल घाला. पोरांचे नुकसान पाठ्यपुस्तक करते. चंबूतल्या वायूंमध्ये विजेच्या ठिणग्या पाडून जीवनाची रसायने बनतात का, हे पाहणारा मिलरचा १९५३ चा प्रयोग आणि डार्विन एकाच पाठात कोंबलेले असतात. माझ्या मुलीने इलेक्ट्रोडपासून शीतकापर्यंत आकृती बिनचूक काढली, पूर्ण गुण मिळवले आणि घरी येऊन विचारले, "बाबा, म्हणजे चंबूत पेशी तयार झाली ना?" तयार झाली होती ती अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे नुसते घटक, हे तिला वर्गात कोणीही सांगितले नव्हते. त्यात २०२३ मध्ये केंद्राची पाठ्यपुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीच वगळली; जी मुले पुढे विज्ञान घेत नाहीत, त्यांना तर तेवढेही मिळत नाही.

मूळ मुद्दा मांडणारी
शिक्षकांवर खापर फोडणे मला मुळीच मान्य नाही. त्या चंबूशेजारी मी दरवर्षी "अमिनो आम्ले, पेशी नव्हे" असे ठळक लिहिते. पण प्रश्नपत्रिकेत गुण आकृतीलाच असतात, तेव्हा मुले वहीत आकृती उतरवतात आणि ती ओळ सोडून देतात.

रसायनशास्त्राच्या सरांना एवढेच विचारते, की त्या परीक्षानळीत प्रत काढणारे विकर (एन्झाइम) आले कुठून? ते विषाणूची लागण झालेल्या जिवाणूंमधून काढलेले होते, म्हणजे छापखाना जिवंत पेशीनेच पुरवला होता.

प्रतिसाद १
विकराचा मुद्दा बिनतोड आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. पण आरएनए स्वतःच रासायनिक क्रिया घडवू शकतो, या शोधासाठी चेक आणि ऑल्टमन यांना १९८९ चे नोबेल मिळाले. असा एखादा रेणू विकराविना स्वतःची प्रत काढू लागला, तर तुमचे कुंपण कुठे घालाल?

मूळ मुद्दा मांडणारी
त्या रेणूच्या अलीकडे. निवडीला पेशी लागत नाही, हे मी मान्य केले. पण तो रेणू मुळात घडला कसा, याचे उत्तर तरीही तुमच्या रसायनशास्त्रालाच द्यावे लागेल.