बहात्तरचा दुष्काळ आणि आपल्या आज्या: तुमचे अनुभव सांगा

आमच्या घरात जुन्या टायरचं कापून केलेलं एक रबरी कडं आहे. खडी फोडताना दगड उडू नये म्हणून ते दगडाभोवती धरायचं आणि वरून हातोडी घालायची. १९७३ च्या उन्हाळ्यात माझी आई बीड जिल्ह्यात रस्त्याच्या कामावर होती, तेव्हाचं ते आहे. मी सात वर्षांचा होतो, पण लिहायचंय ते माझ्या आजीबद्दल.

वय झालं म्हणून मुकादमानं तिचं नाव मस्टरवर घेतलं नाही. "घरी बसून भिताडं बघू का?" म्हणत तीही पहाटे आईबरोबर निघायची. कामाच्या कडेला एक लिंबाचं झाड होतं. त्याच्या फांद्यांना तिनं झोळ्या बांधल्या. पहिल्या दिवशी चार, मग वाढत वाढत अठरा-वीस. झोळी ज्या त्या आईच्या जुन्या लुगड्याची. पोर रडलं की आजी काठ बघायची आणि उन्हात खडी फोडणाऱ्या बायांकडे तोंड करून ओरडायची, "ए हिरव्या काठाची, ये गं, भुकेजलंय!" बहुतेकींची नावं तिला माहीतच नव्हती, कारण त्या आजूबाजूच्या सात-आठ गावांतून आलेल्या.

झोळ्यांवर ती ओली फडकी टाकायची. त्यासाठीचं पाणी टँकरच्या रांगेत उभं राहून मी आणायचो. सांडलं तर मार नव्हता, पण ती गप्प बसायची. ते जास्त लागायचं.

त्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नाल्यांचे बांध, रस्ते, सगळ्याची नोंद आहे. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, तो याच अनुभवातून. पण त्या ५० लाखांत माझी आजी नाही. तिनं एक दिवसही पगार उचलला नाही. अशा ज्या म्हाताऱ्या होत्या, त्यांच्याबद्दल तुम्हाला आठवत असेल, घरात ऐकलं असेल, तर लिहा. थोडंसं असलं तरी चालेल.

———

आमची आजी सांगोल्याकडची, सुईण. बांधाच्या कामावर एक बाई माती वाहता वाहता अडली. दवाखाना लांब आणि वाहन नाही. चार बायांनी लुगडी धरून आडोसा केला आणि आजीनं तिची सुटका केली. मुलगी झाली.

गावाकडे बाळंतिणीचं करणारं कुणी नव्हतं, म्हणून आजी तिला आपल्या घरी घेऊन आली. आमच्याच घरात नऊ माणसं होती. पण आजीचं खरं काम पुढेच होतं. बाई घरी बसली तर हजेरी बुडणार, पगार बुडणार. आजी मुकादमाला म्हणाली, "तिच्या वाटची पाटी मी उचलते, हजेरी तिची लाव." त्यानं आधी नाही म्हटलं. मग टोळीतल्या सगळ्या बाया पाट्या खाली ठेवून बसल्या. शेवटी बारा दिवस त्या बाईची हजेरी लागली आणि तिच्या वाटची माती आजीनं वाहिली. हे आजीनं कधीच सांगितलं नाही. तिच्या दहाव्याला ती बाई आली होती, तिनं सांगितलं.

———

माझ्या आजीनं गावासाठी वगैरे काही केलं नाही. सहा लेकरं आणि आंधळे सासरे जगवले, एवढंच. मिलोची, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या अमेरिकन लाल ज्वारीची, भाकरी थापताना मोडायची. मोडकी ती स्वतःला ठेवायची आणि अख्खी सासऱ्यांना द्यायची, कारण त्यांना हातानं चाचपून कळायचं. घरात सगळं ठीक आहे असं त्यांना वाटावं, म्हणून.

———

वरचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

आमची आजी गावात नव्हती, लालबागला होती. आजोबा गिरणीत. दहा बाय बाराची खोली, त्यात एरवीच सात जण. दुष्काळ पडला आणि गावाकडची पोरं ट्रंक घेऊन यायला लागली. आजीनं कुणाला परत पाठवलं नाही. पाळ्यांप्रमाणे झोपायचं. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी त्याला. एका वेळी चौदा माणसं होती असं बाबा सांगतात. नोकरी नसलेल्याचं जेवण ती हिशोबात धरायची नाही. नोकरी लागल्यावर मागचं कुणी देऊ केलं, तर म्हणायची, "पुढच्या येणाऱ्याला घाल." या बायकांच्या जिवावर गिरणगाव चाललं, हे माझं ठाम मत आहे.

———

माझं थोडं वेगळं आहे, पण लिहितो.

आमच्या वस्तीची विहीर आटली. गावात एकाच विहिरीला पाणी होतं आणि तिथं आमच्या बायांना रहाट धरू देत नव्हते. खाली घागर घेऊन बसायचं, कुणाला दया आली तर वरून पाणी ओतणार. महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी १९२७ साली ओंजळीत घेतलं, त्याला तेव्हा ४५ वर्षं झाली होती. आजी तासन्‌तास बसायची. मिळालेल्या दोन घागरींतली एक वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या लुळ्या म्हाताऱ्याच्या दारात जायची, रोज. तो आमचा कुणी नव्हता. लहान असताना मला त्याचा राग यायचा, कारण मला तहान लागलेली असायची.

आजीच्या मायेबद्दल लिहिताना ती कुठं बसून ते पाणी मिळवायची, हे वगळता येत नाही. म्हणून लिहिलं.

———

बरं झालं लिहिलंत. हे घरोघरी सांगितलं जात नाही. आमच्या गावातली विहीर कशी होती, हे मी आजवर आईला विचारलं नव्हतं. आज विचारलं. तशीच होती.

सुईण आजीबद्दलही आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आमच्या टोळीत असं कुणी असतं तर मी बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी कामावर गेले नसते. ते मला आज कळलं.

———

आमच्या आजेसासूबाई नव्वदीच्या पुढे आहेत. त्या स्वतः खडीवर होत्या. त्यांना हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. मिलोचं आलं तेव्हा हसल्या, म्हणाल्या, "लाल लाल असायची." विहिरीचं वाचताना मान खाली घातली आणि काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्या झोळ्यावाल्या म्हातारीचं परत वाच. परत वाचलं. आता विचारतायत, "सगळी जगली का पोरं?" त्यांना काय सांगू?

———

सगळी नाही जगली. गोवराची साथ आली, त्यात दोन गेली. एक हिरव्या काठाचीचं, एक पिवळ्या. आजी शेवटच्या आजारपणात अंथरुणावर होती, तेव्हा त्या दोघींना हाका मारायची.