मदत हवी आहे: व्हॅनमध्ये राहतोय, बॅटरी पुरत नाही

नमस्कार मंडळी. चार महिने झाले, शहरातच कॅम्पर व्हॅनमध्ये राहतोय. अंघोळ-कपड्यांचं जमवलंय (जिमची मेंबरशिप व्यायाम सोडून सगळ्याला उपयोगी पडते!). अडलंय ते विजेपाशी.

१२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आहे, म्हणजे साधारण १२०० वॉट-तास. फ्रिज, पंखा, लॅपटॉप मिळून दिवसाला ९०० खातात. छतावर २०० वॉटचं सोलर पॅनल आहे, पण इमारतींच्या सावलीत ते नुसतं शोभेला. व्हॅन उन्हात लावावी तर आत भट्टी.

इंजिनवरून चार्ज करायला ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवू का? गाडी रोज जेमतेम अर्धा तास चालते, म्हणजे फार तर १५ अँपिअर-तास (साधारण १८० वॉट-तास) मिळतील. की दुसरी बॅटरी घेऊन दर दोन दिवसांनी कुठेतरी प्लग लावावा? कोणी केलंय का असं?