केमोसोबत चुंबकाची गादी : ताकद ८०० गॉस की १५००? लवकर सांगा

शाहूपुरीकर : आईला तिसऱ्या केमोपासून तळपायाला मुंग्या, रात्रभर झोप नाही. राजारामपुरीत एकानं गादी दाखवली, खोळीवरून टाचण्या चिकटवून. म्हणे रक्तातलं लोह खेचलं जातं, रक्ताभिसरण सुधारतं. रविवारपर्यंतच सूट आहे. फक्त आकडा सांगा, भाषण नको.

कळंबेकर : कॅन्सर कसला? औषध कुठलं?

तांबडा_पांढरा : सासऱ्यांचे गुडघे चुंबकी पट्ट्यानं दुखायचे थांबले. १५००चीच घ्या, बिनधास्त.

लॅबवाला : गुडघे कुठं, केमो कुठं! एमआरआय १.५ टेस्लाचं, म्हणजे १५,००० गॉस. त्यात झोपून कुणाचं रक्त खेचलं गेलंय? हिमोग्लोबिनमधलं लोह टाचणीसारखं चिकटत नसतं.

तांबडा_पांढरा : मग अमेरिकेत १९७९ पासून न जुळणाऱ्या हाडांवर चुंबक वापरतात, ते खोटं काय?

लॅबवाला : खरंय की. पण तिथं तारेच्या कॉइलमधून चुंबकी स्पंदनं सोडतात, गादीतला चुंबक नुसता पडून असतो. आणि आता मेंदूच्या गाठीवरच्या उपकरणाला तिथं २०११ मध्ये मान्यता मिळाली, तो दाखला देऊ नका. ते २०० किलोहर्ट्झचं विद्युत क्षेत्र आहे, चुंबक नव्हे.

नाचणी_आंबील : तोंडाला चव नसेल तर आंबील द्या, ताक ताजं घ्या.

शाहूपुरीकर : चवीचं कुणी विचारलंय? स्तनाचा आहे, पॅक्लिटॅक्सेल चालू. बाकी तब्येत चांगली, पेसमेकर आहे तेवढाच.

कळंबेकर : अहो, हे आत्ता सांगताय?! चुंबक छातीजवळ आला की पेसमेकर हृदयाचे ठोके न बघता ठरलेल्या गतीनं चालायला लागतो. गादी घरातच आणू नका. मुंग्या पॅक्लिटॅक्सेलच्याच असणार, त्यानं नसांना त्रास होतो. पुढच्या केमोची वाट न बघता उद्याच डॉक्टरांना सांगा, डोस कमी करायचा का ते ठरवतील. जळजळत असेल तर नसांच्या दुखण्यावरच्या ड्युलोक्सेटिन गोळीचंही विचारा.

शाहूपुरीकर : गादीवाल्याला पेसमेकरचं सांगितलं होतं. म्हणाला, छातीकडचे चुंबक काढून देतो. ॲडव्हान्स दिलाय, परत मिळेल?

तांबडा_पांढरा : पेसमेकर असेल तर नको बाबा. पण आमच्या पट्ट्याला नावं ठेवायची नाहीत.

उचगाव_एक्स्प्रेस : पावती? पत्रक? कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला लावा.

शाहूपुरीकर : पावती दिली नाही. पत्रक आहे, मागं बारीक अक्षरात कॅन्सर लिहिलंय. फोटो टाकतो.