मदत हवी आहे: अ‍ॅडेनॉइडचं ऑपरेशन करावं की थांबावं?

रानजाई:
मुलाचे अ‍ॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेत, एक्स-रे झाला. डॉक्टर म्हणतात काढून टाका. सासूबाईंचा ठाम विरोध, नवरा म्हणतो बघू. सोमवारपर्यंत तारीख कळवायची आहे. कोणी केलंय का? लवकर सांगा प्लीज.

तिरफळ:
वय काय? घोरतो का, की नुसती सर्दी? एवढ्यावरून काय सांगणार?

अंगतपंगत:
ऑपरेशन अजिबात नको. माझ्या मुलीचे टॉन्सिल्स सुपारीएवढे सुजायचे. हळद-मिठाच्या गुळण्यांनी बसले.

तिरफळ:
अंगतपंगत, टॉन्सिल्स वेगळे. अ‍ॅडेनॉइड नाकाच्या मागे, टाळूच्या वर असतात. आ करून दिसत नाहीत आणि गुळणीचं पाणी तिथवर पोचत नाही.

अंगतपंगत:
आम्हाला गुण आला तो आला. शिवाय काढले की प्रतिकारशक्ती जाते.

मुक्कामपोस्ट:
जात नाही हो. जिभेच्या मुळाशी, घशात तशाच पेशी आणखी असतात. आणि वर्षात सात वेळा घसा धरला तर काढा, हा हिशोब टॉन्सिल्सचा. झोपेत श्वास अडकत असेल तर तो लावत बसायचा नाही.

कोकणकडा:
माझ्या टॉन्सिलमधून वास येणारे पांढरे खडे निघतात. वय ३८. यावर उपाय?

रानजाई:
वय साडेचार. तोंड उघडं टाकूनच झोपतो, घोरतो, मध्येच श्वास थांबतो आणि दचकून कूस बदलतो. सकाळी उशी लाळेने ओली. टीव्ही मोठ्याने लावतो, बाई म्हणतात वर्गात लक्ष नसतं. सासूबाई म्हणतात वयाबरोबर जाईल.

तिरफळ:
अहो, हेच तर महत्त्वाचं! अ‍ॅडेनॉइड वयाबरोबर आक्रसतात हे खरं, पण श्वास थांबत असताना तितकी वर्षं वाट बघू नका. झोपेतला व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. नाकातला स्टिरॉइड स्प्रे दिला होता? आणि कान तपासले का? नाकामागून कानाकडे जाणारी नळी अडली की पडद्यामागे पाणी साठतं, ऐकू कमी येतं.

मुक्कामपोस्ट:
आमच्या लेकीचे अ‍ॅडेनॉइड आणि टॉन्सिल्स दोन्ही काढले. घशात पांढरा थर दिसतो, तो पू नव्हे, घाबरू नका. पण साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात रक्त येऊ शकतं. थोडं आलं तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं. तेवढे दिवस गावाला जाऊ नका.

अंगतपंगत:
आइस्क्रीम देतात म्हणे, खरं का?

रानजाई:
स्प्रे झाला, फरक नाही. कानाचं कोणी काढलंच नाही. तपासणी दुखते का?

तिरफळ:
नाही. टिम्पॅनोमेट्री म्हणतात, कानात छोटं रबरी टोक ठेवून काही सेकंदांत होते. तारीख देण्याआधीच करा. कानात पाणी आढळलं तर ते त्याच भुलीत काढता येईल का ते विचारा, नाहीतर पोराला पुन्हा भूल द्यावी लागेल.