गोव्याचा सत्याग्रह फसला होता का?

घाटमाथा (धागाकर्ता)

दरवर्षी १९ डिसेंबर जवळ आला की गोवामुक्तीच्या श्रेयाचा वाद निघतो. माझे मत आधीच मांडून ठेवतो : १९५५ चा सत्याग्रह शौर्याचा होता, परंतु साधन म्हणून तो फसला. सत्याग्रहाला समोर कोणीतरी लाजणारा लागतो. इंग्रजी अमलात धारासण्याच्या मिठागरावर लाठ्या पडल्या, तेव्हा त्याचा वृत्तान्त जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आला आणि इंग्लंडमधल्या लोकांनाही त्याचे उत्तर द्यावे लागले. हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालात ना मोकळी वृत्तपत्रे होती, ना जाब विचारणारा विरोधी पक्ष. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवी आणि इतर नाक्यांवरून तिरंगा घेऊन शिरलेल्या निःशस्त्र माणसांवर गोळ्या चालल्या, वीसहून अधिक जण गेले, आणि लिस्बनला, म्हणजे पोर्तुगीज सरकारला, त्याचे काहीच वाटले नाही. पुढे १९६१ मध्ये लष्कर शिरले आणि साडेचारशे वर्षांची सत्ता दोन दिवसांत संपली.

मांडवीतीर

आपण लाजणारा भलत्याच ठिकाणी शोधत आहात. सालाझारचे मन पालटेल अशी आशा खुद्द सत्याग्रहींना तरी कितपत होती? लिस्बनचा दावा असा होता की गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच सागरापारचा प्रांत आहे, तिथली प्रजा सुखी आहे आणि जो गोंधळ आहे तो भारतातील हिंदूंनी माजवलेला आहे. हा दावा बंदुकीने खोडता येत नव्हता. १५ ऑगस्ट १९५४ ला ज्या तुकड्या सरहद्द ओलांडून गेल्या, त्यांत आल्फ्रेड आफोन्सो यांच्यासारखे ख्रिस्ती गोवेकर पुढे होते आणि त्यांनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. त्याच वर्षी फेब्रुवारीत एका मेजवानीत ‘गोवा म्हणजे पोर्तुगालच’ असे भाषण चालू असताना म्हापशाचे शल्यचिकित्सक डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी ‘मी निषेध करतो’ एवढेच म्हटले, आणि तेवढ्यावर त्यांना पकडून पोर्तुगालला नेण्यात आले. ज्या राज्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जात असे, तिथली प्रजा सुखी आहे हे सांगणे त्यानंतर अवघड होत गेले. लष्कराने जमीन घेतली हे खरे. पण ते लष्कर पाठवण्याचा हक्क जगापुढे मांडण्याजोगा झाला, तो या लोकांमुळे.

जुनी वही

मांडवीतीर यांचे विवेचन वाचायला छान आहे, पण जगाचे सोडा, दिल्लीचे मन तरी कुठे पालटले? नेहरूंनी १९५४ मध्ये भारतीय नागरिकांना सरहद्दीवर अडवले, १९५५ मध्ये जाऊ दिले आणि गोळीबारानंतर पुन्हा अडवले. लष्कर पाठवायला त्यानंतर सहा वर्षे लागली. मधल्या काळात आर्थिक नाकेबंदी केली, तिचा भार पडला तो मुंबईच्या मनिऑर्डरवर चूल पेटवणाऱ्या गोव्यातील घरांवर. खाणमालकांचे लोहखनिज मात्र जपानला बिनबोभाट जात राहिले. समाजवादी पुढारी नानासाहेब गोरे मे १९५५ मध्ये सत्याग्रहाला गेले, त्यांना मारहाण झाली, दहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते १९५७ मध्ये सुटले. दादरा आणि नगर हवेली मात्र १९५४ च्या पावसाळ्यात हत्यारबंद स्वयंसेवकांनी काही आठवड्यांत मोकळी केली.

आंबोलीचे धुके

दादरा-नगर हवेलीचा दाखला इथे लागू पडत नाही. ते प्रदेश भारतीय भूमीने चहूबाजूंनी वेढलेले होते, त्यामुळे पोर्तुगीजांना तिथे शिपाई पोहोचवताच आले नाहीत. गोव्याला समुद्र होता. आणि गोव्यात हत्यार उचलणाऱ्यांचे काय झाले? मोहन रानडे १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. गोवा मुक्त झाल्यावरही ते पोर्तुगालच्या तुरुंगात होते आणि १९६९ मध्ये सुटले.

थोडे अवांतर. माझे आजोळ सरहद्दीजवळच्या बांद्याचे. आजी सांगायची, १९५५ च्या त्या ऑगस्टमध्ये पाऊस थांबत नव्हता, सत्याग्रहाला निघून मुक्कामाला आलेल्या पोरांचे कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळत घातले होते. आणि दुसऱ्या दिवशी त्यांतला एक सदरा न्यायला कोणी आलेच नाही. साधन, परिणाम असे शब्द वाचले की मला तो सदरा आठवतो. पण मी याला युक्तिवाद म्हणत नाही.

घाटमाथा (धागाकर्ता)

मांडवीतीर यांचा एक मुद्दा मी मान्य करतो : लिस्बनच्या दाव्याला तडा सत्याग्रहाने गेला, आणि ते काम बंदुकीचे नव्हते. ‘फसला’ हा माझा शब्द त्यापुरता मागे घेतो. आंबोलीच्या आजींपुढे माझ्याकडे उत्तर नाही. पण एक विचारतो : सप्टेंबर १९५५ नंतर सरहद्द बंद झाली, तेव्हा आग्वाद किल्ल्यातल्या तुरुंगाच्या कोठड्यांत अडकलेल्या गोवेकरांसाठी सत्याग्रहाच्या शास्त्रात पुढची पायरी कोणती होती?

मांडवीतीर

पुढची पायरी बाहेरच्यांनी आखली नाही, हा दोष पुण्या-मुंबईच्या पुढाऱ्यांचा, आणि दिल्लीचाही. मात्र लाजणारा कोणीच नव्हता हे अजूनही पटत नाही. १९६१ मध्ये सालाझारचा हुकूम होता की शेवटच्या माणसापर्यंत लढा. गव्हर्नर वासालो ए सिल्वा यांनी तो मोडून शरणागती पत्करली आणि मायदेशी त्याची शिक्षाही भोगली.

जुनी वही

त्यांच्याकडे तीन-साडेतीन हजार सैनिक होते आणि समोर त्याच्या कितीतरी पट. त्याला लाज म्हणत नाहीत, हिशेब म्हणतात.