मदत हवी आहे: नवी आवृत्ती आल्याचं ग्रुपवर किती वेळा सांगावं?

नमस्कार मंडळी,

श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षर-संकेतांत, आणणारं एक छोटं मोफत सॉफ्टवेअर मी फावल्या वेळात लिहितो. वापरणारे बहुतेक डीटीपीवाले, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर जुळवणारे. त्यांच्याच एका ग्रुपवर नव्या आवृत्त्या कळवायचो. मध्यंतरी उत्साहाच्या भरात नऊ दिवसांत चार घोषणा टाकल्या. चौथीत फक्त एका बटणाचा रंग बदलला होता. अ‍ॅडमिननी सगळ्यांसमोर विचारलं, "दुकान मांडलंय का?" फुकट वस्तूचं कसलं दुकान, असं तेव्हा वाटलं, पण तीनशे जणांचे फोन मीच वाजवले होते. महिन्यातून एकदाच, असं कबूल केलं.

आता खरी पंचाईत. १.४.१ या आवृत्तीत रफार गळतोय. जुन्या फॉन्टांत रफार अक्षराच्या मागून साठवलेला असतो, युनिकोडमध्ये 'र्' त्या अक्षराच्या आधी लागतो. ही अदलाबदल करताना मी घोळ घातला. 'अर्ज'चा 'अज' झाला तर डोळ्यांना खुपतं तरी. 'कार्य'चं 'काय' झालं तर स्पेलचेकसुद्धा गप्प! आणि हे लोक लग्नपत्रिका छापतात.

दुरुस्त १.४.२ तयार आहे, महिना भरायला अठरा दिवस आहेत. थांबू की शब्द मोडू? टाकायचं तर झिप तिथेच जोडू का?

प्रतिसाद १

आजच टाका. आधी अ‍ॅडमिनना खासगीत दोन ओळी लिहा, म्हणजे तेही चिडणार नाहीत. 'नवी आवृत्ती आली' असं लिहिलंत तर तुमचा इतिहास बघता कुणी उघडणार नाही. मथळाच असा द्या: '१.४.१ वापरू नका, रफार गळतो'. खाली लगेच कोणते फॉन्ट आणि कोणत्या तारखेनंतरच्या फायली पुन्हा तपासायच्या ते. बटणाच्या रंगाबद्दल चकार शब्द नको. झिप जोडू नका, फॉरवर्ड होत होत जुनी फाइल वर्षभर फिरत राहते. दुवा द्या, सोबत एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे उतरवलेली फाइल तीच आहे ना हे पडताळायचा संकेत.

प्रतिसाद २

हे भांडण जुनंच आहे. यूझनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांत, लिनक्सच्या घोषणांसाठी 'कॉम्प.ओएस.लिनक्स.अनाउन्स' हा वेगळा ग्रुप होता, नियंत्रकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय तिथे काही लागत नसे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांचीही घोषणांची मेलिंग लिस्ट वेगळी आहे. तुम्हीही फक्त घोषणांचा चॅनेल काढा, हवं तो येईल.

एरवी आवृत्तीच्या क्रमांकातला तिसरा आकडा बदलला की आपल्या पानावर नोंद पुरे. दुसरा बदलला, म्हणजे काही नवी सोय आली, तर ग्रुपवर सांगा. तुमचा रफार तिसऱ्या आकड्यातलाच, पण त्यात लोकांचं काम बिघडतंय, म्हणून वेगळा.

धागाकर्ता

टाकलं. अ‍ॅडमिननी स्वतःच पिन केलं. दहा मिनिटांत एकाचा फोन आला: 'मंगल कायालय' छापून दोनशे पत्रिका वाटूनही झाल्यात. त्यांना काय सांगू?